सातपाटीपुढची रेघ

मावशी,

सफाळ्याच्या सरांनी सांगितलं की आपल्या गटातर्फे तुझ्यावर चार शब्द लिहा. "जन्म कधीचा, शिक्षण किती, हवामानाची आवड कशी लागली, असं जरा सविस्तर," म्हणाले. मी हो म्हटलं आणि तीन संध्याकाळी कागद पुढ्यात घेऊन बसलो. तुझा जन्म कधीचा हे मला माहीत नाही. तुलाही नव्हतं. "मोठ्या वादळाच्या आदल्या साली," असं तू म्हणायचीस, आणि ते मोठं वादळ म्हणजे नेमकं कोणतं यावर तुझं आणि तुझ्या जावेचं कधी एकमत झालं नाही. तेव्हा ते राहू दे. मी तुलाच लिहितो. सरांना द्यायचं की नाही ते मागाहून बघू.

आधी एक सांगून टाकतो. मला अजून रडू आलेलं नाही. तू गेलीस त्याला आज चौदा दिवस झाले. मी रोज कामावर जातो, कुंभवलीच्या बाजूच्या गेटनं आत शिरतो, लॅबमध्ये बाटल्यांवर चिठ्ठ्या लावतो, चार वाजता चहा पितो. परवा शेजारच्या टेबलावरच्यानं विचारलं, "बिनसाखरेचा कधीपासून घ्यायला लागलात?" तोवर अर्धा कप संपला होता. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर स्वतःच्या गालाला हात लावला की तो दुसऱ्या कुणाचा वाटतो, तसं चाललंय. घरी विचारतात, बरं नाही का? मी म्हणतो, बरं आहे. ते खोटंही नाही.

तू मला पहिल्यांदा दिसलीस ती बोईसरच्या बाजारात. मी घाटावरचा, बार्शीकडचा माणूस. सुक्या मासळीचा वास सोसत नाही आणि खाल्ल्याशिवाय राहवतही नाही, त्या जातीतला. तुझ्यापुढे बोंबलाचे तीन ढीग होते. मला तिन्ही सारखेच दिसत होते. मी जवळच्या ढिगावर बोट ठेवलं, तर तू माझा हात झटकलास.

"तो नको घेऊ. शनवारचा हाय. शनवारी दुपारनं खारा वारा सुटला, नीट सुकला नाय. हा घे, मंगळवारचा. सकाळभर मतलई होती. बग."

आणि एक बोंबील मोडून दाखवलास. कट्ट आवाज आला. मी तिथेच उकिडवा बसलो. दुपारी समुद्रावरून येणारा दमट खारा वारा आणि सकाळी जमिनीवरून समुद्राकडे जाणारी कोरडी मतलई, दोन्हींची नोंद मी तेव्हा हौसेनं वहीत ठेवत असे. गिऱ्हाईक सोडून बसलेली एक बाई तीच नोंद बोंबलात ठेवते आहे, हे मला त्या दिवशी कळलं. गिऱ्हाईक तू खरंच सोडलंस. दोघीजणी कंटाळून पुढे गेल्या आणि तू मला विचारत राहिलीस.

"कंपनीत काय करता तुमी?"

"लॅबमध्ये असतो. मोजतो."

"काय मोजता?"

"समोर ठेवतील ते."

तू हसलीस, आणि तिथपासून मी लॅबवाला झालो. मी बरेच दिवस तुला अहो-जाहो करत होतो. शेवटी तूच वैतागलीस. "तुमी तुमी काय करतस? मी काय तुजी सायबीन हाय?" मग मी तुला तू म्हणायला लागलो. माझ्या बायकोला ते अजून खटकतं.

लॅबमधलं जुनं वायुभारमापक भंगारात निघालं तेव्हा मी साहेबांना विचारून ते घरी आणलं आणि दुसऱ्या रविवारी सातपाटीला तुझ्या पडवीत. तुझ्या मुलानं, नरेशनं, खिळा ठोकला. काच गोल, आत दोन काटे. काळा काटा हवेच्या दाबानं आपला आपण फिरतो. पितळेचा काटा नुसता खुणेचा. आपण वाचन घेतलं की मधली कळ फिरवून तो काळ्यावर आणून ठेवायचा, म्हणजे पुढच्या वेळी काळा किती सरकला ते दिसतं. तबकडीवरचे आकडे इंग्रजी होते. मी काचेवर मराठी आकड्यांच्या बारीक चिठ्ठ्या चिकटवल्या. तू चौथीपर्यंत शिकलेली. तुला हे सगळं समजवायला तासभर लागेल अशी तयारी करून मी आलो होतो. तुला पाच मिनिटं लागली. उरलेली पंचावन्न मिनिटं तू मला काचेवर टिचकी मारायला शिकवलीस.

"आदी टिचकी मार. झोपलेल्याला उठवल्याबिगर तो खरा बोलत नाय."

पुस्तकातही तेच लिहिलेलं आहे, हे मी तुला मुद्दाम सांगितलं नाही.

आपला गट तुला माहीतच आहे, पण सरांनी हे कुणाला वाचून दाखवलं तर त्यांना कळावं म्हणून सांगतो. आम्ही नऊ जण, डहाणूपासून सफाळ्यापर्यंतचे. कुणी शिक्षक, कुणी दुकानदार, एक पोस्टातला, एक मी. रोज सकाळी साडेआठला ज्यानं त्यानं आपल्या घरचं वाचन पाठवायचं आणि पावणेनऊला मी सगळ्यांचा तक्ता करून गटात टाकायचा. अरबी समुद्रात काही शिजायला लागलं की संध्याकाळी साडेपाचलाही. मग वादळ कुठं सरकतंय, त्याचा जोर एक पायरी चढला की उतरला, यावर आम्ही असे भांडतो की जणू ते आमच्याच घरचं लग्न. अधिकृत इशारा तोच खरा, हे सगळ्यांना मान्य. आमची आपली हौस.

बाकीचे आकडे टंकून पाठवायचे. तू बोलून पाठवायचीस. "लॅबवाल्या, सातपाटी. काटा एक हजार आठ. वारा नाय. पानी निवांत हाय." एवढंच. कधी जोडीला, "सरांना सांग, पावनं गेलं काय?" ते सगळे आवाज माझ्या फोनमध्ये आहेत. मी ऐकलेले नाहीत. ऐकायला हरकत नाही, पण बोट तिथं जात नाही.

गटाचा नियम एकच होता आणि तो मीच घातला होता. जे बघितलं नाही ते लिहायचं नाही. वाचन घेता आलं नाही तर गावाच्या नावापुढे रेघ मारायची. रेघेची लाज नाही. खोट्या आकड्यानं मात्र अख्खा तक्ता बाटतो. एकदा सर भाचीच्या लग्नाला नाशिकला होते आणि त्यांनी सफाळ्याचा आकडा अंदाजानं टाकला. मला काही कळलं नाही. तू पकडलंस. "तुमी लग्नात जेवत होता ना सर? मग काटा कोनी बगितला?" सरांनी गटात सगळ्यांची माफी मागितली आणि मी वर एक मोठं प्रवचन झोडलं. ते प्रवचन अजून गटात आहे. परवा मी ते पुन्हा वाचलं.

नरेशही गटात होता, पण आकड्यांसाठी नाही. तुझा मुलगा बोटीवर जातो. किनाऱ्याजवळ फोनला रेंज आली की पहिला तक्ता उघडायचा. "सातपाटीपुढं आकडा हाय म्हनजे आय ठीक हाय," असं तो मला एकदा म्हणाला होता. मी ते ऐकलं होतं. मला आठवत होतं. हे मी लिहून ठेवतो, कारण पुढे त्याचं काम आहे.

आपलं खरं भांडण एकच, आणि ते मिटलं नाही. मी वादळाच्या मध्यावर नजर ठेवायचो. मध्य कुठं आहे, डोळा दिसतो का, उद्या कुठं असेल, नकाशावरची रेष कुठं वळते. तू म्हणायचीस, "तो कुठं जातो ते तू बग. पानी कुठं पडतं ते मी बगते." मी तुला समजावायचो की मध्य कळला की बाकी सगळं कळतं. तू माझ्याकडे अशी बघायचीस की मला माझं शिक्षण काढून खिशात ठेवावंसं वाटे. तुझ्या दारासमोर बांबूच्या वलांडीवर पूर्ण गल्लीचे बोंबील टांगलेले असायचे. त्यांना मध्याशी देणंघेणं नव्हतं. चार शिंतोडे पुरे होते.

आणि तीन वर्षांपूर्वीचं ते. तेव्हा मी तुला एक नकाशा पाठवला होता, त्यावरची लाल रेष थेट सातपाटीवरून जात होती. फक्त तुला. तू गल्लीला सांगितलंस. बायकांनी ओले-अर्धवट बोंबील उतरवले, घरात रचले. वादळ दुसरीकडेच गेलं. थेंब पडला नाही. रचलेले ढीग आतून तापले, किडले, खड्ड्यात गेले. पुढे सहा महिने गल्लीत कुणाचं दूध उतू गेलं तरी "नर्मदामावशीचं वादळ आलं" म्हणून हसायचे. नकाशा माझा होता हे तू कुणाला सांगितलं नाहीस. मीही सांगितलं नाही. महिनाभर मी तुझ्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. नंतर आलो तेव्हा तू चहा टाकलास आणि विचारलंस, "पगारवाड झाली काय?" मला वाटलं, विषय संपला.

यंदा दिवाळी सरली आणि आठच दिवसांत समुद्रात पुन्हा गोळा झालं. आधी नुसता कमी दाबाचा पट्टा, मग तो खोल झाला, मग वादळ. नाव मिळालं त्या दिवशी आपल्या गटात तीसेक निरोप पडले असतील. जोर वाढत होता, पण रेष पश्चिमेला वळायला लागली होती. मी दर तीन तासांनी उपग्रहाचं चित्र बघत होतो. कंपनीत एक ऑपरेटर आहे, त्यानं विचारलं, "साहब, तूफान आयेगा क्या?" मी म्हटलं, "नहीं आयेगा. मुड़ गया." पोरगं पास झाल्यासारखं सांगितलं मी ते.

त्याच संध्याकाळी साडेपाचला तुझा आवाज आला. एक हजार सहा. मग लगेच तुझा फोन.

"वारा नाय तरी पानी लांब लांब येतंय रे. मला बरा दिसत नाय. गल्लीला सांगते, माल उतरवा."

"मावशी, ते वळलंय. पार पश्चिमेला चाललंय. उद्या आणखी लांब असेल."

"तो जाऊ दे. पानी येल."

"उगाच सांगू नकोस कुणाला. मागच्यासारखं हसं होईल तुझं."

तू हळू बोललीस, रागानं नाही, बोंबलाचा भाव सांगावा तसं. "मागचा नकाशा तुजा होता रे."

तीन वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, "बरं, कर तुला काय करायचं ते," आणि फोन ठेवला. मी तुझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य ते.

दुसऱ्या सकाळी साडेआठला डहाणूचा आकडा आला. सफाळ्याचा आला, दोननं उतरलेला. पोस्टातल्याचा आला. तुझा आला नाही. आठ चाळीस झाले. मला वाटलं, रुसलीस. अकरा वर्षांत तू एकदाही चुकली नव्हतीस, तापात सुनेच्या हाताला धरून उठून वाचन घेतलं होतंस, आणि मला वाटलं, रुसलीस. फोन करावा हे मनात आलं. पण फोन केला असता तर आदल्या दिवसाचं बोलणं पुढं सुरू झालं असतं. रेघ मारली असती तर सगळ्यांनी विचारलं असतं, मावशीचं काय झालं, आणि मला सांगावं लागलं असतं की तिच्याशी कोण कसं बोललं. मी आजूबाजूचे आकडे बघितले, हिशोब जुळवला आणि सातपाटीपुढे लिहिलं, एक हजार चार. पावणेनऊला तक्ता टाकला. मग डबा घेतला आणि कामावर गेलो.

नरेश तेव्हा खाडीत बोट बांधत होता. तुझी सून संगीता पालघरच्या बाजारात होती. अंधारून आलं म्हणून ती लवकर परतली, अकराच्या सुमाराला. तू पडवीच्या उंबऱ्यात पडली होतीस. पाय पडवीत, डोकं घरात. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला होता. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका मोठा होता, लवकर आणलं असतं तर काय झालं असतं ते सांगता येत नाही. डॉक्टरांनी हे नरेशला सांगितलं आणि नरेशनं मला. मी मान हलवली.

दुपारी चारला पाऊस सुरू झाला. वादळ आलं नाहीच. ते मी म्हटलं होतं तसंच पश्चिमेला गेलं आणि समुद्रातच विरलं. पण त्याच्या कडेचे ढग दोन दिवस सातपाटीवर रेंगाळले आणि तू म्हणाली होतीस तसं पाणी पडलं. दोघंही बरोबर निघालो, मावशी. आधी कधी असं झालं असतं तर आपण महिनाभर भांडलो असतो.

तुला नेलं ते भर पावसात. सगळी गल्ली होती. वलांड्या उघड्या, नुसते बांबू ठिबकत होते. तू आदल्या संध्याकाळी दारोदार फिरली होतीस, हे मला तिथं कळलं. फोन ठेवल्यावर गेली असशील. सगळ्यांनी ऐकलं. कुणाचा एक बोंबील भिजला नाही. "मावशीनं सांगितला म्हनून," असं एक बाई दुसरीला सांगत होती, आणि माझ्या छत्रीतून पाणी माझ्याच बुटात जात होतं. मला तेवढंच कळत होतं, की बूट भिजतोय.

दहाव्याला मी आलो होतो. किनाऱ्यावरचं सगळं उरकून लोक पडवीत बसले. नरेश येईल त्याला सांगत होता, "साडेआठला काटा पाठवला नि गेली. काम करून गेली आय. पावनेनवाला मी बगितला, आकडा होता." बायका म्हणाल्या, भाग्यवान. एका म्हाताऱ्यानं डोळे पुसले. नरेश माझ्याकडे वळून म्हणाला, "होय ना रं लॅबवाल्या? एक हजार चार." मी म्हटलं, हो. मग तो म्हणाला की तुझा फोटो मोठा करायला दिलाय, आणि खाली नाव, त्याखाली तो आकडा लिहून घेणार आहे. तुझा शेवटचा आकडा. "हाच एक आदार हाय," म्हणाला.

मी त्या भिंतीकडे बघितलं नाही. काटे तिथंच होते, तुझ्या फोटोच्या खिळ्याशेजारी. सगळा वेळ मी त्यांच्याकडे पाठ करून बसलो. जेवलोही. काय जेवलो ते विचारू नकोस.

तिथून चार दिवस मी हिशोब घालत बसलो. सांगितलं नाही तर नरेशला आधार राहतो. सांगितलं तर माझ्या छातीवरचा धोंडा उतरतो आणि त्याच्या छातीवर बसतो. मोठा शहाणपणाचा हिशोब होता. पण मावशी, तुझ्या नावाखाली माझा आकडा काचेत बसणार होता. तू काटा न बघता कधी एक आकडा बोलली नाहीस. सरांना तू भर गटात सोडलं नाहीस. मला कशाला सोडशील?

काल रविवार. दुपारी आलो. गल्लीत पुन्हा वलांड्या भरल्या होत्या, वाऱ्याला बोंबील हलत होते. नरेश पडवीत जाळं घेऊन बसला होता. संगीतानं पाणी दिलं. मी पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं आणि म्हटलं, "नरेश, तो आकडा आईचा नव्हता. तिचा निरोप आला नव्हता. तो मी टाकला होता."

त्याला आधी कळलंच नाही. "म्हंजे?"

मी सगळं सांगितलं. आदल्या दिवशीचं बोलणं, मग सकाळ. काही गाळलं नाही.

तो जाळ्याकडे बघत होता. "मी तक्ता बगितला," तो म्हणाला. "आकडा बगितला नि फोन खिशात टाकला. दोरी बांदत राहिलो."

"हो."

"खाडी धा मिन्टावर हाय."

"हो."

"रेघ असती तर मी आलो असतो."

"हो, नरेश."

संगीता दारात उभी होती, त्याच उंबऱ्यात. नरेश उठला. मला वाटलं मारतो आता. मारलं असतं तर बरं झालं असतं, निदान काहीतरी लागलं असतं. पण तो माझ्या बाजूनं भिंतीकडे गेला.

"ये इकडं. बग. याला कोनी हात लावला नाय. आयच्या मागारी कोनीच नाय."

मग मला वळावं लागलं. काळा काटा एक हजार दहाच्या जवळ होता, आकाश निरभ्र होतं. पितळेचा काटा तू ठेवला होतास तिथं होता. मराठी तीनच्या चिठ्ठीवर. एक हजार तीन.

मी त्याला समजावून सांगितलं. माझा आवाज मला लॅबमध्ये शिकाऊ पोरांना सांगतो तसा ऐकू येत होता. आदल्या संध्याकाळी साडेपाचला तू एक हजार सहा सांगितलं होतंस, तेव्हा पितळेचा काटा सहावर होता. तो तीनवर आहे याचा अर्थ तू सकाळी उठलीस, पडवीत आलीस, टिचकी मारलीस, काटा बघितलास, खूण केलीस. मग फोन आणायला आत वळलीस. पाय पडवीत, डोकं घरात. माझ्यावर रुसली नव्हतीस. मला आकडा सांगायला निघाली होतीस.

"म्हंजे साडेआठला ती होती," नरेश म्हणाला.

"हो."

"तिनं काटा बगितला होता."

"हो."

"तीन. नि तू चार लिवलास."

"हो."

त्यानं बराच वेळ काचेवर बोट धरलं, न टेकवता. मग म्हणाला, "लिव तीन. तिचा हाय तो."

मी तिथंच उभ्यानं फोन काढला. गटात लिहिलं की त्या दिवशीचा सातपाटीचा चार हा आकडा मी अंदाजानं टाकला होता, खरं वाचन एक हजार तीन, ते मावशीनं घेतलेलं आहे. नरेशनं ते माझ्या हातातल्या फोनवर वाचलं. पुन्हा एकदा वाचलं.

"आता तू जा," तो म्हणाला. मी चपला घातल्या. तो जाळ्याकडे जाऊन बसला होता. माझ्याकडे न बघता बोलला, "नि उद्यापासून सातपाटीपुढं रेघ मार. कोनाचाबी आकडा टाकू नको."

संगीता कोपऱ्यापर्यंत आली. सोडायला की मी खरंच गेलो ते बघायला, कळलं नाही. मी तिला म्हटलं, तीन वर्षांपूर्वीचा तो नकाशाही माझाच होता. आईनं कुणाला सांगितलं नाही. ती म्हणाली, "म्हायत हाय. ती बोलली नाय, पन गल्लीत सगल्यांना म्हायत हाय. तिच्याकडं कुठं होते नकाशे?" आणि परत गेली. म्हणजे मी ज्या गल्लीतून महिनाभर लपून होतो, तिथं माझी वाट अडवणारं कुणी नव्हतंच. मी येईन आणि सांगेन एवढीच वाट तुम्ही सगळे बघत असाल. तीन वर्षं चहा टाकत राहिलीस.

मी तुला काय देणं लागतो ते मोजत बसत नाही, मोजायचं बरंच झालं. तू मला वाऱ्याचा वास शिकवलास. आकडा येतो कुठून ते शिकवलंस. मी समुद्र पहिल्यांदा बाविसाव्या वर्षी बघितला होता, आणि दिसायला लागला तो तुझ्या पडवीतून. हे तुझ्यासमोर बोललो असतो तर "पुरे रे, भाषान नको" म्हणाली असतीस.

आज सकाळी साडेआठला आकडे यायला लागले. डहाणू आला. पोस्टातला आला. सफाळ्याचे सर आले. कालच्या माझ्या निरोपाबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही, नुसता आकडा पाठवला. आठ चाळीस झाले. मी फोन हातात धरून बसलो होतो, सवयीनं. पावणेनऊला तक्ता पूर्ण केला. सातपाटी लिहिलं आणि पुढे रेघ मारली. गटात टाकला. मिनिटभरात नरेशनं बघितल्याची खूण आली. त्यापुढे काही आलं नाही.

बायकोनं चहा आणून ठेवला होता. एक घोट घेतला आणि लगेच कळलं, साखर राहिली आहे.